आत की बाहेर

लाल दिवा जळत असताना दार उघडायचं नाही, हे त्या इमारतीत नवीन आलेल्या माणसालाही पहिल्याच दिवशी सांगत. खारूला तर तिथे दोन वर्षं झाली होती. पण बाहेर भुरभुर पाऊस, अंगावर ओलं जाकीट, एका हातात काचपट्ट्यांचा डबा, दुसऱ्या हातात छत्री, आणि मनगटावरचं घड्याळ सांगत होतं की बारा वाजून पाच मिनिटं झाली. बारापासून सूक्ष्मदर्शक तिच्या नावावर होता. कोणीतरी दिवा मालवायला विसरलं असणार, असं धरून चालून तिने तळघरातल्या खोलीचं दार कोपराने ढकललं.

आत मिट्ट काळोख होता. त्यातून एक शांत आवाज आला.

"अडतीस."

"काय अडतीस?"

"अडतीस मिनिटं झाली होती. चाळीस हवी होती."

काही जिवाणू इतके मंद चमकतात की त्यांचा फोटो घ्यायला कॅमेऱ्याचा डोळा चाळीस मिनिटं उघडा ठेवावा लागतो, आणि मध्येच बाहेरचा कवडसा आत आला की सगळं मुसळ केरात. खारूचं तोंड एवढंसं झालं. तरी ती सहजासहजी हार मानणाऱ्यांतली नव्हती. तिने नोंदवहीतल्या वेळेचा दाखला दिला. काळोखातल्या माणसाने नम्रपणे सांगितलं की अजून बाराला पाच मिनिटं कमी आहेत. तेव्हा कुठे तिला आठवलं, उशीर होऊ नये म्हणून आपणच आपलं घड्याळ दहा मिनिटं पुढे लावून ठेवलंय. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच.

"बसा," तो म्हणाला. "डावीकडे स्टूल आहे. आता पुन्हा चाळीस मिनिटं... बोललात तर चालेल. बोलण्याने उजेड पडत नाही."

"आमच्या बाईही मला हेच म्हणतात."

काळोखात कोणीतरी हसलं. आणि मग पुढची चाळीस मिनिटं खारू एका अशा माणसाशी बोलत बसली, ज्याचा चेहरा तिने पाहिलाच नव्हता.

तो महिन्याभरापूर्वी सूक्ष्मदर्शकांची देखभाल करायला आला होता आणि सगळी इमारत त्याला भिंगवाला म्हणू लागली होती. खारूचं खरं नाव कागदोपत्री होतं. खारू हे नाव मावशीने ठेवलेलं, कारण लहानपणी ती खारीसारखी तुरुतुरु पळायची आणि पेन्सिलींचे तुकडे उशीखाली साठवायची. मावशी फोनवर इतक्या मोठ्याने बोलायची की ते नाव प्रयोगशाळेत पोचायला एक आठवडाही लागला नाही. बाई म्हणजे तिच्या मार्गदर्शक, प्रयोगशाळेच्या प्रमुख. त्यांना मात्र सगळे नुसतं बाईच म्हणत.

डब्यात काय आहे, असं भिंगवाल्याने विचारलं. फ्लूचा विषाणू, खारू म्हणाली, पण घाबरायचं कारण नाही. विषाणू मेलेला, पेशीही मेलेल्या, जे जिथे होतं ते तिथेच गोठवलेलं.

"मग त्यात बघायचं काय राहिलं?"

"आत की बाहेर, तेवढंच."

आणि ती सांगू लागली. पेशीच्या मधोमध केंद्रक असतं. घरातली आतली खोली म्हणा, सगळी महत्त्वाची कागदपत्रं तिथे. ह्या जातीचे बहुतेक विषाणू बाहेरच्या खोलीतच आपलं काम उरकतात. फ्लूचा मात्र हट्ट, आतल्याच खोलीत जायचं. त्या खोलीला दारं आहेत, दारांवर पहारा आहे. पण ह्याच्या अंगावर अशी खूण असते की पेशीचेच हमाल ह्याला घरचा समजून उचलतात आणि पहारेकऱ्यांच्या देखत आत नेऊन ठेवतात. एकदा आत गेला की पेशीच्या निरोपांचे शेंडे छाटतो, आपल्या निरोपांना चिकटवतो, आणि पेशी बिचारी त्याचेच निरोप खरे मानून राबत बसते.

"भटाला दिली ओसरी," भिंगवाला म्हणाला.

"ओसरीवर थांबला असता तर काय हवं होतं. हा थेट तिजोरीपाशी जातो."

"आणि तुम्ही काय करता?"

"मी हमालाचे हात धरते. ह्याला उचलू नको म्हणून."

ते हात धरणारं औषध खारूने दोन वर्षं खपून तयार केलं होतं. म्हणजे औषध म्हणावं इतकं ते अजून झालं नव्हतं. बाटलीतली पांढरी पूड होती आणि तिचा उपयोग होतो की नाही हे ठरायचं होतं. मावशीचं म्हणणं होतं, दोन वर्षं फ्लूच्या मागे लागलीस आणि माझं साधं नाक गळायचं थांबवता आलं नाही तुला.

चाळीस मिनिटं संपली, दिवा लागला. खारूने मनात एक राजबिंडा चेहरा रंगवला होता. समोर होता एक साधासुधा माणूस, चष्मा कपाळावर चढवलेला, कान जरासे मोठे, आणि तो तिच्याकडे बघून असा हसला, की तिने रंगवलेला चेहरा तिला त्या क्षणी पुसून टाकावासा वाटला.

मग दर मंगळवार आणि शुक्रवार आले. खारूच्या पट्ट्यांवर पेशींची केंद्रकं निळी दिसत आणि विषाणू हिरवा. ती भिंगातून बघत बसायची, तो शेजारच्या टेबलावर कुठल्या तरी यंत्राचे स्क्रू काढत बसायचा. भिंग पुसताना तो श्वास रोखून धरतो, हे तिच्या लक्षात आलं. कंटाळा आला की ती गुणगुणते आणि कडवं कधीच पूर्ण करत नाही, हे त्याच्या. एका शुक्रवारी तिने पाहिलं तर दाराशी, बरोबर तिच्या हाताच्या उंचीवर, छत्रीसाठी एक खिळा ठोकलेला. तिने विचारलं, हा कोणासाठी? सगळ्यांसाठी, तो म्हणाला. पण त्या इमारतीत तळघरापर्यंत छत्री घेऊन येणारी ती एकटीच होती.

एका मंगळवारी खोलीला कुलूप. दारावर चिठ्ठी, 'आजारी आहे.' किल्ली कुठे ठेवलीय ते विचारायला म्हणून खारूने फोन केला. किल्ली कुठे असते हे तिला ठाऊक होतं, पण ते जाऊ द्या.

"तुमचे पाहुणे माझ्याकडे उतरलेत," घोगरा आवाज म्हणाला.

"माझे कशावरून? साधी सर्दी असेल."

"साध्या सर्दीने हाडं दुखतात?"

"ताप कधी चढला?"

"काल. दुपारी."

"म्हणजे त्याआधी साधारण तीन दिवस..." खारूने बोटांवर हिशेब केला. "शुक्रवारी तुम्ही कोणाच्या शेजारी बसला होतात?"

पलीकडे तो खोकला.

"तुमच्या."

"मला तर काही झालेलं नाही."

"तुम्हाला नसेल," तो म्हणाला, "मला झालं."

आता हे तापातलं बोलणं होतं की शुद्धीवरचं, हे खारूला ठरवता येईना. तिने पाणी प्या, झोपून राहा, असं काहीबाही सांगितलं आणि फोन ठेवला. मग किल्ली घेऊन खोलीत गेली, स्टुलावर बसली, आणि एकही पट्टी न लावता तासाभराने उठली. रिकामी खोली तिला खायला उठली होती. संध्याकाळी मावशीने तिच्याकडे नीट बघितलं आणि विचारलं, ताप त्याला आणि लाल तू का झालीस? खारूने सांगितलं, जिना चढून आले म्हणून. मावशीचं घर तळमजल्यावर होतं.

तर आपली खारू प्रेमात पडली होती. सरळ, साधं, काही उपाय नसलेलं प्रेम. आणि नेमका तेव्हाच बाईंनी मोजणीचा दिवस ठरवला.

मोजणीवर सगळंच अवलंबून होतं. महिनाअखेरीस बाईंना संस्थेपुढे निकाल ठेवायचा होता. खारूच्या पुडीने विषाणू केंद्रकाबाहेर अडतो असं दिसलं, तर काम पुढे दोन वर्षं चालणार. नाही दिसलं, तर विषय बंद. दूरच्या एका शहरातल्या तपासणी प्रयोगशाळेने तिला नोकरी देऊ केली होती. गाडीने जायला एक अख्खा दिवस आणि एक रात्र. तिथे दिवसभर लोकांच्या नाकातले नमुने तपासायचे. त्यांना महिनाअखेरीपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं. खारूला जायचं नव्हतं. आधी ते फक्त कामासाठी होतं, आता दुसरंही कारण झालं होतं.

बाईंच्या प्रयोगशाळेत मोजणी आंधळी असे. बारा काचपट्ट्या, सहांवर पूड घातलेल्या पेशी, सहांवर बिनपुडीच्या. बाई स्वतः सगळ्यांवर कागद डकवून नुसते आकडे लिहीत, आणि कुठल्या आकड्यावर काय आहे ते एका पाकिटात बंद करून कपाटात ठेवत. मग दोन माणसांनी वेगवेगळं मोजायचं. प्रत्येक पट्टीवरच्या पन्नास पेशी बघायच्या आणि लिहायचं, हिरवं आत की बाहेर. पाकीट उघडेपर्यंत आपल्याला काय दिसलं ते दोघांनी एकमेकांना सांगायचं नाही. सांगितलं तर दोघांची मोजणी बाद. माणसाला जे दिसावंसं वाटतं ते त्याला दिसतं, असं बाई म्हणत, आणि त्यावर एवढाच इलाज आहे. हे सगळे नियम खारूनेच मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीवर लावले होते. त्यातला पहिला होता, मोजायचं ते सूक्ष्मदर्शकाशी बसूनच.

दुसरा मोजणारा म्हणून बाईंनी भिंगवाल्याला नेमलं. त्याला विषय समजतो, बाई म्हणाल्या, पण पट्टीवर काय घातलंय ते माहीत नाही. शिवाय तो कोणाला काही सांगणार नाही, मुळात तो फारसा बोलतच नाही. माझ्याशी तर चांगला चाळीस चाळीस मिनिटं बोलतो, असं खारूच्या अगदी ओठांवर आलं होतं.

सकाळी त्याने मोजायचं, दुपारी तिने. पण खोली त्याची, त्यामुळे दुपारीही तो तिथेच, शेजारच्या टेबलाशी. पहिल्या दिवशी खारू भिंगाला डोळा लावून बसली आणि तिच्या ध्यानात आलं की आपल्याला पेशी दिसतच नाहीयेत. पाठीमागे त्याचा पाना फिरायचा, थांबायचा. त्याने सुस्कारा का टाकला असेल? सकाळी त्याला काहीतरी वाईट दिसलं असेल का? चांगलं? एकदा वळून त्याचा चेहरा पाहिला तर सगळं कळेल... आणि कळलं तर सगळं बाद. दीड पट्टीत तिचा जीव मेटाकुटीला आला. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, तोही रोज दुपारी चार तास.

मग तिने एक पळवाट काढली. दोन दुपारींत सगळ्या पट्ट्यांचे भराभर फोटो काढले, ते आपल्या संगणकावर घेतले आणि वरच्या मजल्यावर खिडकीशी बसून मोजू लागली. भिंतीवरचा पहिला नियम तिच्याच अक्षरात तिच्याकडे बघत होता. तिने खुर्ची फिरवून घेतली. फोटो तर फोटो, पेशी त्याच ना, असं तिने स्वतःला समजावलं.

आणि मोजता मोजता तिचा धीर सुटत गेला. आत, आत, आत, बाहेर, आत. तिसरी पट्टी तशी, पाचवी तशी, नववीही तशीच. सहा पट्ट्यांवर तरी हिरवं बाहेर दिसायला हवं होतं. पाकीट उघडायचीही गरज नव्हती. बाराच्या बारा पट्ट्या सारख्याच होत्या. म्हणजे पुडीने काही होत नव्हतं. हमालांनी विषाणूला खुशाल उचलून आत नेलं होतं.

त्या संध्याकाळी जिन्यात भिंगवाला भेटला. हातात भिंगांची पेटी होती. तिचा चेहरा बघून तो थांबला.

"काय झालं?"

"एक विचारू?"

"विचारा की."

"तुम्हाला..." तिचा आवाज चिरकला. "तुम्हाला सगळ्या पट्ट्या सारख्याच दिसतायत का?"

त्याने पेटी ह्या हातातून त्या हातात घेतली.

"हे नका विचारू मला."

"हो की नाही, एवढंच. कोणाला कळणार आहे?"

"मला कळेल ना."

"माझी दोन वर्षं पाण्यात चाललीत आणि तुम्हाला नियमाचं पडलंय," खारू म्हणाली आणि दोन दोन पायऱ्या टाकत खाली गेली. दारापर्यंत पोचेस्तोवर तिला स्वतःची लाज वाटली होती. पण परत फिरून तसं सांगायला जे लागतं ते तेव्हा तिच्यापाशी नव्हतं. हा माणूस दगड आहे, असं तिने ठरवून टाकलं, आणि घरी जाऊन त्या दूरच्या नोकरीला होकाराचं पत्र लिहून ठेवलं. पाठवलं तेवढं नाही.

शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशी बाईंनी दोघांना आपल्या खोलीत बोलावलं आणि पाकीट फोडलं. एका हाताला खारूचे कागद, दुसऱ्या हाताला भिंगवाल्याचे. बाई पेन्सिलीने बेरजा करत होत्या आणि खारू खिडकीबाहेरच्या पन्हळीतून गळणारं पाणी बघत होती. आकडा कसा येणार हे तिला माहीत होतं, आणि तसाच तो आला. बिनपुडीच्या तीनशे पेशींत हिरवं आत, दोनशे एकेचाळीस. पुडीच्या तीनशेंत, दोनशे अठ्ठावीस. फरक नसल्यातच जमा.

बाईंची पेन्सिल थांबली. त्यांनी पुन्हा बेरीज केली. मग चष्मा काढून दोघांकडे बघितलं.

"तुम्ही दोघं एकाच पट्ट्या बघत होतात ना?"

भिंगवाल्याचा बिनपुडीचा आकडा होता दोनशे छत्तीस. पुडीचा होता चौसष्ट.

कुठेतरी पाणी मुरत होतं, आणि ते कुठे हे बाईंना लगेच कळायला हवं होतं. त्यांनी भिंगवाल्याला विचारलं. तो हळूहळू, शब्द निवडत म्हणाला, की काही पट्ट्यांवर हिरवं केंद्रकात असल्यासारखं दिसतं, पण भिंग जरा वर घेतलं की निळं धूसर होतं आणि हिरवं स्वच्छ. म्हणजे ते आत नाहीच. वरच्या अंगाला, पडद्याबाहेर चिकटून बसलंय. वरून बघणाऱ्याला ते आत वाटतं. पेटीवर ठेवलेली वस्तू वरून बघितली तर पेटीतही वाटू शकते, तसं. त्याने ते बाहेर धरलं होतं.

बाई खारूकडे वळल्या.

"आणि तुला हे दिसलं नाही?"

"मी... फोटोवरून मोजलं, बाई."

फोटोला वर-खाली नसतं. हे खारूला माहीत नव्हतं असं नाही. पहिल्या वर्षाच्या पोरांना ती स्वतः शिकवायची.

"भिंतीवर नियम कोणी लिहिला होता?"

"मीच."

"मग?"

"तिथे खाली... लक्ष लागत नव्हतं."

"कशामुळे? आवाज होता? उजेड येत होता?"

"नाही."

"मग कशामुळे?"

बाई शास्त्रज्ञ होत्या. कारण सापडल्याशिवाय त्या कोणाला सोडत नसत. खारूने जमिनीकडे बघितलं, कपाटाकडे बघितलं, पन्हळीकडे बघितलं, आणि बघायला दुसरं काहीच उरलं नाही तेव्हा भिंगवाल्याकडे बघितलं. बाईंनी तिच्या नजरेचा माग काढला. पेन्सिल खाली ठेवली.

"अस्सं," बाई म्हणाल्या. "हे शोधनिबंधात लिहिता यायचं नाही."

भिंगवाल्याचे मोठे कान लालबुंद झाले होते. खारूला वाटलं, धरणी दुभंगेल तर बरं. धरणी काही दुभंगली नाही, पण बाईंनी सुटका केली. एकाची मोजणी म्हणजे अर्धी मोजणी, त्या म्हणाल्या. मी आजच पट्ट्यांवर नवे आकडे टाकते. दोघांनी पुन्हा मोजा, सूक्ष्मदर्शकाशी बसून. दहा दिवसांत, रंग फिके पडायच्या आत. संस्थेकडून मी तेवढे दिवस मागून घेते. नियम तेच. आणि नोकरीच्या पत्राचं काय करायचं ते तुझं तू बघ, मी तुला कसलाही शब्द देऊ शकत नाही.

बाहेर व्हरांड्यात दोघं एकमेकांसमोर उभे राहिले. खारूने आधी माफी मागितली, जिन्यात बोलली त्याची. त्याने मान हलवली.

"तुम्ही त्या दिवशी विचारलंत ना," तो म्हणाला, "तेव्हा सांगावंसं फार वाटलं होतं. सगळ्या सारख्या नाहीयेत, एवढंच. तुमचा चेहरा बघवत नव्हता. पण सांगितलं असतं तर आजचा आकडा कोणी धरला नसता. बाईंनी नाही आणि... तुम्हीही नाही."

खारूने बाईंच्या दाराकडे बघितलं.

"आणि आत्ता आत जे झालं," ती म्हणाली, "मी जे म्हणाले..."

"म्हणाला नाहीत. नुसतं बघितलंत."

"जे बघितलं ते. त्याचं काय?"

"त्याचं उत्तर दहा दिवसांनी देतो."

"का?"

"आत्ता दिलं तर मला तुमची बाजू घ्यावीशी वाटेल. हिरवं आत दिसलं तरी हात 'बाहेर' लिहील."

"ही नाही म्हणायची नवी तऱ्हा आहे का?"

"नाही. ही मोजायची जुनी तऱ्हा आहे." मग जाता जाता तो वळला. "पत्राचं म्हणाल तर माझ्या आकड्यावर विसंबू नका. माझंही चुकलेलं असू शकतं."

मावशी कपडे दुरुस्त करून द्यायची. खारू घरी आली तेव्हा तोंडात टाचण्या धरून कोणाच्या तरी कोटाचं अस्तर बसवत होती. खारूने सगळं सांगितलं. टाचण्या तोंडात असल्याने मावशीला मध्ये बोलता येत नव्हतं, म्हणून ते सगळं सांगून झालं. शेवटी मावशीने टाचण्या काढल्या आणि विचारलं की हातची नोकरी सोडायची ती कशाच्या भरवशावर? काम टिकेल हे नक्की नाही, तो हो म्हणेल हेही नक्की नाही. उद्या तेलही गेलं आणि तूपही गेलं म्हणत बसशील.

"मावशी," खारू म्हणाली, "मी रडकुंडीला आले होते. एका शब्दाने तो मला खूश करू शकत होता, आणि त्याने केलं नाही. अशा माणसाच्या आकड्यावर नाही विसंबायचं तर कोणाच्या?"

मावशीने टाचण्या डबीत ठेवल्या.

"मग पत्र लिही," ती म्हणाली, "आणि जेवायला ये."

खारूने लिहून ठेवलेला होकार फाडला आणि नकार लिहून पाठवला. मग ती जेवायला गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती खाली जाऊन सूक्ष्मदर्शकाशी बसली. शेजारच्या टेबलाशी तो. पाना फिरत होता, थांबत होता. ह्या वेळी ती पळाली नाही. डोळ्यांत तेल घालून बघायचं म्हणजे काय ते त्या दहा दिवसांत तिला कळलं. एका पेशीवर तिने भिंग अगदी हळू वर घेतलं. निळं केंद्रक विरघळल्यासारखं धूसर झालं... आणि त्याच्या वर हिरवे ठिपके एकदम लखलखीत झाले, एकमेकांना खेटून, दाराशी ताटकळत. हमालाने त्यांना उचललं नव्हतं. दोन वर्षं जे तिने फक्त कागदावर मांडलं होतं ते समोर होतं, आणि ते ओरडून सांगायला हक्काचा माणूस तीन हातांवर बसला होता. खारूने ओठ दाताखाली धरले आणि वहीत लिहिलं, बाहेर. पण एका पेशीने काय होणार. अजून पाचशेच्या वर उरल्या होत्या, आणि कुठली पुडीची ते माहीत नव्हतं.

दहा दिवस दोघं पावसाबद्दल बोलले, त्याच्या बिघडलेल्या पंख्याबद्दल बोलले, मावशीच्या गिऱ्हाइकांबद्दल बोलले. बाकी सगळ्यावर मूग गिळून बसले. अकराव्या दिवशी बाईंनी दुसरं पाकीट फोडलं.

पुडीच्या तीनशे पेशींत हिरवं आत, खारूचे एकाहत्तर. भिंगवाल्याचे सहासष्ट.

बाईंनी बेरीज दोनदा केली. मग त्या उठल्या, खारूच्या डोक्यावर हात ठेवला, आणि म्हणाल्या की संस्थेला कळवायला हवं, मी वरच्या मजल्यावरून फोन करून येते. फोन त्यांच्या टेबलावरच होता. दार त्यांनी बाहेरून नीट ओढून घेतलं.

खारूचा जीव भांड्यात पडला होता. तिने टेबलाची कड घट्ट धरली.

"मोजणी संपली," ती म्हणाली.

"संपली." त्याने चष्मा कपाळावर चढवला, पुन्हा खाली घेतला. "तुम्ही बाईंना म्हणालात, खाली लक्ष लागत नव्हतं."

"हो."

"माझंही लागत नव्हतं. त्या पहिल्या मोजणीत... सकाळी मी एकटा बसायचो, आणि जिन्यात पावलं वाजली की तुमची आहेत का ते ऐकत राहायचो. मग आकडा विसरायचो. विसरलो की परत पहिल्यापासून." तो थांबला. "प्रत्येक पेशी मी तीन तीनदा मोजली. तिसऱ्या खेपेला हात नुसताच चाळा म्हणून भिंग वर-खाली करत होता, तेव्हा दिसलं ते."

"सहाशे पेशी," खारू म्हणाली. "तीनदा?"

"शेवटच्या पट्टीच्या चारदा. आदल्या संध्याकाळी तुम्ही जिन्यात रागावून गेला होतात."

खारूला हसू आलं आणि डोळे भरून आले, दोन्ही एकदमच. त्याला प्रेम म्हणतात, असं काही तो म्हणाला नव्हता. पण सहाशे पेशी तीन तीनदा मोजणाऱ्या माणसाने आणखी काय म्हणायचं राहिलं होतं? टेबलाला वळसा घालून ती त्याच्याकडे गेली आणि त्याचा हात हातात घेतला. आणि वरून बाईंची पावलं जिन्यात वाजू लागली तरी त्या दोघांपैकी कोणालाच ती ऐकू आली नाहीत.